धक्का, पत्रा आणि वेळ

पहाटे साडेपाच

एप्रिलमध्ये धाराशिवला मोजमापाचं काम करायचं तर ऊन चढायच्या आत. वर्कशॉपचं शटर प्रयोगशाळेतले मामा माझ्याआधी उघडून ठेवतात. टेबलावर बिडाची जाड चौकट आहे आणि तिच्यात पोलादाची एक पट्टी दोन्ही टोकांना बोल्टांनी आवळून बसवलेली आहे. मोकळी लांबी १० सेंटीमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. रात्रभरात चौकट आणि पट्टी एकाच तापमानाला आलेली असतात, म्हणून ही वेळ. पट्टीवर टिचकी मारायची, फोनमधल्या ॲपवर कंपसंख्या बघायची, वहीत नोंदवायची.

गणिताने अशी पट्टी सेकंदाला सुमारे २६० वेळा थरथरते. हार्मोनियमवर ही जवळजवळ पांढरी एक. बोल्ट आवळताना पट्टी किंचित ताणली किंवा दाबली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष सूर थोडा इकडेतिकडे सरकतो. भजनी मंडळात पेटी वाजवणारा माझा एक विद्यार्थी आहे. तो ॲप उघडायच्या आधी सूर सांगतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाची किंवा अग्निबाणाची कातडी म्हणजे फासळ्यांच्या चौकटीत चारी बाजूंनी पकडलेले असे पातळ पत्रेच. त्यांच्यावरून वारा सुसाटतो, त्यांच्यावर शॉक, म्हणजे हवेच्या दाबाचे एकाएकी धक्के, आदळतात आणि ते थरथरू लागतात. ही थरथर कधी सुरू होते, कधी आटोक्यात राहते आणि कधी पत्रा फाडते, हा माझा विषय. आमच्या गावात मोठी विंड टनेल नाही. ती बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत आहे, १.२ मीटरची, १९६७ पासून चालू असलेली. पण या विषयाचं मूळ समजायला एक पट्टी, एक कॉम्प्रेसर आणि वहीभर गणित पुरतं, असा माझा अनुभव आहे.

सकाळी आठ

घरी येऊन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता दहाच्या तासाची टिपणं बघते. इतिहासापासून सुरुवात करायची असं ठरवते, कारण मुलांना या विषयाचं वजन आधी कळायला हवं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ अग्निबाणाच्या सुरुवातीच्या अपयशांमागे कातडीची ही फडफड होती, असं नंतरच्या अभ्यासकांनी मानलं. १९५९ साली पहिल्यांदा उडालेल्या अमेरिकेच्या एक्स-१५ विमानाच्या काही पत्र्यांतही ही फडफड, म्हणजेच फ्लटर, आढळली आणि त्यांना आतून आधारपट्ट्या जोडून ते ताठ करावे लागले. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या बांधणीतही या प्रश्नावर स्वतंत्र काम झालं. आमच्यापासून फार दूर नसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची मोटर-कवचं बनतात. आमच्या भागातल्या मुलांना अशा ठिकाणी काम करायचं असेल, तर पत्रा किती जाड घ्यायचा एवढंच कळून भागत नाही. तितकाच जाड का, हेही कळावं लागतं.

सकाळी दहा

शेवटच्या वर्षाचा वर्ग. फळ्यावर मी एक आडवी रेघ काढते, तिच्यावर वाऱ्याचा बाण. मग रेघेला मधोमध हलका फुगवटा देते.

“वारा ध्वनीहून वेगवान आहे. फुगवट्याचा पुढचा उतार वाऱ्यासमोर येतो, मागचा त्याच्यापासून दूर पळतो. दाब कुठे वाढेल?”

“पुढं वाढंल, मॅडम. मागं कमी होईल,” लोहाऱ्याकडची एक मुलगी सांगते.

उत्तर बरोबर आहे. स्वनातीत प्रवाहात पृष्ठभागावरचा दाब मुख्यतः त्या जागेच्या उतारावर ठरतो, हे याकोब आकेरेत यांनी १९२५ साली साध्या सूत्रात मांडलं. म्हणजे फुगवटा पुढून दाबला जातो आणि मागून ओढला जातो. एका कुबडाचा आकार वाऱ्याच्या हाताखाली इंग्रजी एस अक्षराकडे झुकतो. एका कुबडाचा कंप हा पट्टीचा पहिला सूर, एस आकाराचा दुसरा. माझ्या पट्टीत पहिला २६० आणि दुसरा ७१५ च्या आसपास. वारा नसताना हे दोन सूर एकमेकांना ओळखतही नाहीत. वाऱ्याचा जोर वाढतो तसा पहिला चढत जातो, दुसरा उतरत जातो आणि एका ठरावीक जोराला दोघे एकाच कंपसंख्येवर येऊन मिळतात. तिथून फ्लटर सुरू होतो.

मुलं विचारतात, मिळाले तर बिघडलं काय? इथे मी झोक्याचं उदाहरण देते. झोका पुढे निघालेला असताना त्याच दिशेने रेटा दिला, तर लहान मुलाचा हातसुद्धा तो उंच नेतो. तोच रेटा झोका परत येत असताना दिला, तर तो थांबतो. रेटा तेवढाच असतो, फरक पडतो तो वेळेचा. दोन सूर एक झाले की पत्र्याची हालचाल आणि तिच्यावरचा दाब यांचा मेळ असा बसतो की प्रत्येक फेरीत वारा पत्र्याला थोडी ऊर्जा देऊनच जातो. म्हणून वाऱ्याचा दाब किती, हा प्रश्न अपुरा आहे. तो दाब हालचालीच्या कोणत्या क्षणी येतो, हे कळल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

कंप मग वाढतच जातो का? नाही. पत्रा त्याच्या जाडीइतका वर-खाली होऊ लागला की तो लांबीतही ताणला जातो, ताणामुळे ताठ होतो आणि कंप एका मापावर येऊन ठरतो. पत्रा लगेच फाटत नाही, हा दिलासा खरा. पण सेकंदाला शेकडो फेऱ्या म्हटल्यावर बोल्टांच्या भोकांपाशी धातू थकत जातो आणि तिथे चीर पडते.

शेवटची वीस मिनिटं आकड्यांना. फिलर गेजमधलं ०.०५ मिलिमीटरचं पातं घ्या. दोन्ही कडा पकडून त्यावरून मॅक २ चा, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाचा, वारा सोडा. धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच, त्यामुळे इथला हवेचा दाब सुमारे ०.९४ बार. या दाबाला मॅक २ च्या प्रवाहाचा गतिज, म्हणजे वेगामुळे येणारा, दाब होतो २.६ बार, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलोहून जास्त. रुंद पत्र्यासाठीच्या गणितात हा दाब, पत्र्याची लांबी, जाडी आणि ताठपणा मिळून एक शुद्ध आकडा बनतो आणि पक्क्या पकडलेल्या कडांसाठी फ्लटरची मर्यादा ६३६ वर येते. पात्याची मोकळी लांबी २० मिलिमीटर असेल तर आपला आकडा १,००० च्या पुढे जातो, पातं फडफडेल. लांबी १५ केली की आकडा ४५० च्या आत येतो आणि पातं शांत राहील. लांबी फक्त पावपट कमी झाली, पण हिशेबात ती घनाने येते. जाडीही घनाने येते: दुप्पट जाडी म्हणजे आठपट सहनशक्ती. मात्र जाडी वाढवली की सगळ्या विमानाचं वजन वाढतं. मधोमध एक आधारपट्टी दिली तर लांबी निम्मी होते आणि तीच आठपट ताकद थोड्याशा धातूत मिळते. एक्स-१५ च्या अभियंत्यांनी हेच केलं.

दुपारी बारा

आता पट्टी उन्हात. चौकट जाड बिडाची असल्यामुळे ती सावकाश तापते, पट्टी पटकन. दोघींना थर्मोकपल लावलेलं आहे. पट्टी चौकटीपेक्षा एक अंशाने गरम झाली की टिचकीचा सूर २६० वरून २४० च्या जवळ येतो. पेटीवर तो एका पट्टीहून जास्त उतरला. कान असलेल्या कुणालाही ते ऐकू येतं. साडेतीन अंशांचा फरक पडला की सूर १८४ वर.

कारण सरळ आहे. तापलेली पट्टी लांब व्हायला बघते, टोकं तिला सोडत नाहीत, म्हणून ती आतून दाबली जाते आणि तिचा ताठपणा कमी होतो. या मापाच्या पट्टीला चौकटीपेक्षा सुमारे सात अंश जास्त तापमान पुरतं, मग ती आपणहून एका बाजूला वाकते. वेगवान विमानात हवेच्या घर्षणाने कातडी शेकडो अंश तापते आणि आतली फासळी तेवढी तापलेली नसते. म्हणजे सकाळी फळ्यावर काढलेली फ्लटरची मर्यादा उड्डाणात सतत हलत असते. मोजमापाच्या वहीत तापमानाचा रकाना रिकामा असेल तर कंपसंख्येच्या रकान्याला अर्थ नाही. ही शिस्त मी मुलांकडून सक्तीने पाळून घेते.

दुपारी दीड

डबा, पाठोपाठ मठ्ठा, आणि पंख्याखाली अर्धा तास. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो. पहाटे सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावणारा आवाज आता ३५५ मीटर धावतो आहे, कारण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. मॅक एक म्हणजे ताशी किती किलोमीटर, याचं एकच उत्तर नसतं ते यामुळे.

दुपारी तीन

“मॅडम, टाकी भरली. आठ बार व्हायलंय,” मामा हाक मारतात.

आमच्या वर्कशॉपचा २०० लिटरचा कॉम्प्रेसर आणि लेथवर घडवलेलं पितळी नोझल. हवा आधी चिंचोळ्या गळ्यातून जाते, मग पुढे रुंद होणाऱ्या तोंडातून बाहेर पडते. गळा ४ मिलिमीटर, तोंड ५.२. गुस्ताफ द लाव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकात वाफेच्या टर्बाइनसाठी वापरलेली ही रचना आजही प्रत्येक अग्निबाणाच्या शेपटीला असते. क्षेत्रफळाचं हे प्रमाण मॅक २ देतं, पण त्यासाठी टाकीतला एकूण दाब बाहेरच्या दाबाच्या ७.८ पट लागतो. आमची टाकी तो जेमतेम दहा-पंधरा सेकंद पुरवते. तेवढ्या वेळात सगळं उरकायचं. कानांना मफ, डोळ्यांना चष्मा, नोझलच्या रेषेत कुणीही नाही.

व्हॉल्व्ह उघडला की कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि हवा सेकंदाला ५०० मीटरच्या वर वेगाने बाहेर पडते. वेग घेताना ती स्वतःची उष्णता खर्च करते, त्यामुळे त्या झोतातल्या हवेचं तापमान शून्याखाली १०० अंशांच्या आसपास उतरतं. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. दिसावं म्हणून एक अंतर्गोल आरसा, एक एलईडी आणि दाढीचं पातं मांडलेलं आहे. हवेची घनता जिथे बदलते तिथे प्रकाश किंचित वाकतो, पातं तो वाकलेला प्रकाश अडवतं आणि पडद्यावर छायाप्रकाश उमटतो. आउगुस्ट ट्योप्लर यांनी १८६४ च्या सुमारास ही पद्धत उभी केली. अर्न्स्ट माख आणि पेटर साल्हर यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, धावत्या गोळीपुढच्या धक्क्याच्या छायाचित्रांमागेही हीच कल्पना होती.

झोतात मी प्रवाहाला दहा अंश वळवणारी छोटी पाचर धरते. पडद्यावर तिच्या टोकापासून एक सरळ, बारीक, गडद रेघ तिरकी निघते. तीच शॉक वेव्ह. छायाचित्रावर कोनमापक ठेवून मुलं कोन मोजतात: गणिताने तो ३९ अंशांच्या आसपास यायला हवा. त्या रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे हवेच्या दाबात १.७ पटीचा फरक आहे आणि तो फरक केसाहूनही पातळ जागेत घडतो. लोहाऱ्याकडची मुलगी कोनमापक दुसऱ्यांदा लावून बघते आणि म्हणते, “मॅडम, हे खरंच एवढं सरळ आहे!” दाब टाकीतून उतरतो, रेघ डळमळते, आणि मामा पुन्हा मोटर चालू करतात.

पावणेपाच

आता हाच शॉक पत्र्यावर पाडायचा. हे काम संगणकावर, कारण आमच्या झोताची रुंदी त्याला पुरत नाही.

विमानाच्या इंजिनाच्या तोंडापाशी, शेपटीच्या बुडाशी किंवा पंखाखाली टांगलेल्या वस्तूंजवळ एका भागाने निर्माण केलेला शॉक शेजारच्या पत्र्यावर आदळतो. मग पत्र्याच्या पुढच्या भागावर कमी दाब, मागच्या भागावर जास्त दाब, आणि दोहोंच्या सीमेवर तो शॉक. पत्रा जरासा जरी हलला तरी परावर्तित शॉकचा कोन बदलतो. कोन बदलला की दाबाची वाटणी बदलते, आणि वाटणी बदलली की पत्रा पुन्हा हलतो. यात पत्र्यालगतच्या मंद हवेच्या थराची, म्हणजे बाउंड्री लेअरची भर पडते. शॉकच्या पायथ्याशी हा थर पृष्ठभागावरून उचलला जातो आणि तिथे हवेचा एक बुडबुडा साचतो. तो बुडबुडा संथपणे फुगतो आणि आक्रसतो, आणि त्याच्यासोबत शॉकचा पायथा मागे-पुढे सरकतो. थरातल्या खळबळीच्या मानाने हा डोल फार सावकाश असतो आणि नेमका म्हणूनच तो पातळ पत्र्याच्या स्वतःच्या सुराजवळ येऊ शकतो.

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतले मिगेल व्हिसबाल यांनी २०१२ साली केलेल्या गणनेत दाखवलं की शॉक पुरेसा जोरदार असेल तर फडफड नेहमीच्या मर्यादेपेक्षा कमी गतिज दाबातच सुरू होते. आम्ही त्याच धर्तीवर छोटी गणना चालवतो. पत्र्याखालच्या पोकळीत किती दाब ठेवायचा, हे आमचं सध्याचं काम. तो दाब जरा बदलला की तोच पत्रा, तोच वारा आणि तोच शॉक असताना कंपाचं स्वरूप पालटतं. दुपारच्या उन्हातल्या पट्टीने शिकवलेलं इथे उपयोगी पडतं: पत्रा किती ताणलेला किंवा दाबलेला आहे, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

संध्याकाळी साडेसहा

लोहारा तालुक्यातून आत्याचा फोन.

“दुपारी मोठा आवाज झाला गं. पत्रे खडखडले. म्या आधी अंगणात आले.”

“बरं केलंस आत्या. आधी बाहेरच यायचं. पायाखाली काही हललं का?”

“नाई. पर जीव घाबरला.”

तिचा जीव का घाबरतो, ते या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेत असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर धाराशिव-लातूरच्या माणसाला कोणताही मोठा आवाज नुसता आवाज वाटत नाही. अधूनमधून आकाशातून येणाऱ्या गूढ आवाजाने खिडक्या हादरतात आणि पुन्हा गावं रस्त्यावर येतात.

असे काही आवाज स्वनातीत विमानांचे असू शकतात. उंचावरून ध्वनीहून वेगाने जाणारं विमान जे शॉक मागे ओढत नेतं, ते जमिनीपर्यंत येता येता अशक्त होतात. साधारण ५० ते १०० पास्कल दाब उरतो. पण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद पत्र्यावर १०० पास्कल म्हणजे सुमारे ३० किलोंचा भार, तो आधी दाबतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागात उलटा होऊन ओढतो. घराच्या पत्र्यांची, दारं-खिडक्यांची स्वतःची कंपसंख्याही पुष्कळदा सेकंदाला दहा ते तीस या टापूत असते, म्हणून ती एवढ्या मोठ्याने बोलतात. इथेही दाबापेक्षा वेळेचा मेळच जास्त काम करतो.

आत्याच्या शेडचे पत्रे अवकाळीच्या वाऱ्यात उचलले जातात, तेही तिला फोनवरच समजावते. घरावरचा वारा ध्वनीपेक्षा फार मंद असल्याने तिथे विमानासारखा फ्लटर नसतो. तो पत्र्याला कडेकोपऱ्यांतून वर ओढतो आणि सोडतो. १९७४ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी वादळ आलं, तेव्हा असंख्य छपरांचे पत्रे खिळ्या-स्क्रूंच्या भोवती वारंवार वाकून, थकून फाटले होते. म्हणून कडेचे अँगल जवळजवळ घ्यायचे, कडेला हूक जास्त मारायचे, आणि प्रत्येक हुकाखाली रुंद वॉशर घालायचा. पत्र्यावर दगड ठेवून हे साधत नाही, शिवाय दगड माणसांच्या अंगावर येतो.

रात्री नऊ

संगणकावर रात्रभराची गणना लावून वही उघडते. पोकळीतल्या दाबाची पाच मूल्यं, प्रत्येकाची वेगळी फाइल. ते चालू असताना मुलांसाठी एका नव्या प्रकल्पाची आखणी करते.

धाराशिव ते तुळजापूर सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. तेव्हा दोन्ही गावांतल्या पहिल्या हादऱ्यात फार तर तीन-साडेतीन सेकंदांचा फरक पडेल. हवेतून आवाजाला हेच अंतर कापायला जवळजवळ एक मिनिट लागतं. विमान या रेषेच्या आडवं गेलं तर दोन गावांतला फरक कमी दिसेल, म्हणून आणखी दोन ठिकाणं हवीत: कळंब, आणि या रेषेत नसलेलं उमरगा. चार ठिकाणी मुलांच्या घरी एकेक जुना फोन, त्याचा मायक्रोफोन आणि हादरे टिपणारा सेन्सर सतत चालू, घड्याळं इंटरनेटवरून जुळवलेली. पुढचा आवाज झाला की चार ठिकाणच्या वेळा मिळतील आणि त्या चार वेळांतून तो आभाळातला की जमिनीतला हे काढता येईल. भूकंपमापन केंद्राची नोंद हाच शेवटचा पुरावा. आवाजाच्या क्षणी बाहेर पडण्याचा नियम तर कधीच बदलायचा नाही, कारण उथळ भूकंपही आवाज करतो. पण नंतरच्या ज्या रात्री लोकांना अंगणात जागून काढाव्या लागतात, त्या या चार आकड्यांनी कमी होऊ शकतात.

उद्या सकाळी वर्गात याची वाटणी करायची आहे. लोहाऱ्याच्या मुलीला उमरग्याचा फोन द्यायचं मनात आहे, पेटी वाजवणाऱ्याला कळंबचा. घड्याळं जुळवण्याची पद्धत आधी लिहायला हवी, कारण एका फोनचं घड्याळ पाच सेकंद चुकलं तर भूकंप आणि विमान यांतला फरक पुसट होऊ शकतो.